कोरडी फिरलेली मोटर

भडगावात ज्ञानेश्वरचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर त्याच्याकडे यायची आणि नवी तार भरून, फिरती होऊन जायची. चैत्रात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दुकानामागच्या खोलीत बिऱ्हाड होतं. तिथे दाराशी खाट टाकली, म्हणजे त्याला निदान दुकान दिसेल.

गाळा धाकट्या भावाच्या, गिरधरच्या नावावर. तो वाईट बोलला नाही. बंद दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, वहिनी, एवढंच म्हणाला. उन्हाळाभर बघ, नाही जमलं तर मी भाडेकरू ठेवतो.

ज्ञानेश्वरच्या बायकोने, सारिकाने कधी पान्हा हातात धरला नव्हता. तिने मोबाईल धरला. व्हिडिओत हिंदी बोलणारा कुणी पोरगा फुकटात मोटर भरायला शिकवत होता. तो भराभर बोलायचा. ती त्याला थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. भाकरी थापताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकलेला असे. भंगारातल्या पंख्यांची तार उलगडून तिने परत भरली. बोटं चिरली. पहिला पंखा फिरला, तेव्हा तिने तो खाटेकडे तोंड करून ठेवला.

मग तोताराम नाना आले. बोअरमधली मोटर जळाली होती, मळ्यात केळी उभी होती आणि बाकीच्या दुकानांत नंबर लागले होते.

"तुले येस का वं, पोरी?"

"येस, नाना."

ती खोटं बोलली नाही. आपल्याला येतं, असं तिला खरंच वाटत होतं.

मोटर भरून झाली. गिरधरला तिने मुद्दाम बोलावलं. शेजारीपाजारीही जमले. पोरगा व्हिडिओत करायचा तसंच तिने मोटर जमिनीवर ठेवली, वायर जोडली, बटण दाबलं. मोटर सुरेख फिरली. पोरगा एक फेरा दाखवून बंद करायचा. सारिकाने चालूच ठेवली. बघू दे सगळ्यांना.

खाटेवर ज्ञानेश्वर चुळबुळू लागला. डावा हात उशाशी चाचपडला आणि पाण्याचा लोटा धाडकन खाली आला. तिने फरशी पुसली, लोटा भरून त्याच्या तोंडाला लावला. त्याने दात आवळले. लोटा मोटरच्या दिशेने ढकलला. पुन्हा सांडलं.

"आजचा दिवस तरी गप पडा ना," ती म्हणाली.

"दादाले आनंद व्हयना, वहिनी," गिरधर हसला. त्याला ती भावाची खुशीच वाटली.

दुसऱ्या दिवशी मळ्यात मोटर बोअरमध्ये सोडली. बटण दाबलं. खोलातून घरघर आली आणि बंद पडली. वर काढली तर करपल्याचा वास.

नाना रागावले नाहीत. खाली बसून मोटरला हात लावला.

"सोडाना पहिले आत पानी भरेल व्हतं ना, पोरी?"

सोडण्याआधी आत कसलं पाणी भरायचं, असं ती विचारणार होती. मग तिचं तिलाच उमगलं. पोरग्याची मोटर जमिनीवरची होती, कोरडीच चालणारी. बोअरमधली मोटर पोटात पाणी घेऊनच फिरते. हे घरात ज्याला माहीत होतं, तो काल तिला लोटा दाखवत होता.

नाना म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच, मी नवी बघतो. सुकत चाललेल्या केळीच्या पानांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सारिकाने मोटर घरी आणली, खाटेजवळ उभी केली. लोटा घेतला. वरची चकती काढून हळूहळू पाणी ओतलं. खालून काळं पाणी निघालं. कोरडं फिरल्याने आतलं बेअरिंग झिजून त्याची भुकटी झाली होती. पाणी खाटेच्या पायापर्यंत आलं. ज्ञानेश्वर ते पाहत राहिला.

तिने मोबाईल पालथा ठेवला. भंगारातली दुसरी मोटर ओढत त्याच्यासमोर आणली.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी तुमच्या हाताकडे बघते."

डावा हात चादरीवर पडून होता. दुकानात गिरधर एका अनोळखी माणसाला गाळ्याची लांबी दाखवत होता.