बर्फातली कोल्हापुरी

कॅनडातल्या आमच्या गल्लीचा बर्फाळ चढ शेजारच्या आजी गाडीने सहज चढून गेल्या. मागोमाग आमची गाडी निम्म्यापर्यंत गेली आणि देवाला पाठ न दाखवता गाभाऱ्यातून निघावं तशी, तोंड पुढे ठेवून, घसरत दाराशी परत आली.

"तरी म्हणत होते, बर्फाचे टायर घ्या," शेजारी बसलेली बायको म्हणाली.

"हे बारमाही आहेत."

"मग साताऱ्यात जून आला की कोल्हापुरी माळ्यावर टाकून पावसाळी चपला का घालायचात?"

चपलेच्या बाबतीत माणूस शहाणा असतो, कारण भिजणारा पाय स्वतःचा असतो. टायर घेताना मात्र 'बारमाही' या शब्दावर त्याची श्रद्धा बसते.

मी सणसणीत उत्तर शोधत होतो. तेवढ्यात, ब्रेक दाबलेला असूनही, गाडी आणखी वीतभर मागे सरकली आणि बायकोच्या बाजूने मत देऊन मोकळी झाली.