चलथाणचा जन्मदाखला

सुरत स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीबरोबर चालत होते. "कागद जपजो, बेटा," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. माय मागे बाकड्याजवळ उभी होती. लग्नानंतर मी नीलेशबरोबर जर्मनीला निघाले होते. उभा जन्म सुरतच्या गोडादऱ्यात कापडाच्या लूमवर काढलेल्या माणसाला कागदांची एवढी काळजी का, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

दोन वर्षांनी रेवा झाली. तुमच्यापैकी जे परदेशात आहात त्यांना पुढचे नियम ठाऊक असतील, आम्हाला नव्हते. आमची समजूत अशी, की इथे जन्मली म्हणजे इथली, आणि आम्ही भारतीय म्हणजे तिथलीही आहेच. रेवा चार महिन्यांची असताना नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की आम्हाला या देशात पुरेशी वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे मुलगी इथली नागरिक नाही. आणि भारताचा नियम असा, की परदेशात झालेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत झाली, तरच ते भारतीय. नाहीतर दिल्लीची खास परवानगी. वकिलातीला जर्मन जन्मदाखला हवा, आणि तो मिळायला आई-बाप दोघांचे जन्मदाखले हवेत.

"मग आज ही कुठली?" नीलेशने विचारलं.

बाईंनी रेवाकडे पाहिलं. मग कागदांची यादी आमच्याकडे सरकवली. बाबागाडी ढकलत आम्ही बाहेर आलो आणि थांब्यावर बसून राहिलो. दोन ट्राम निघून गेल्या.

नीलेशचा दाखला जळगावहून पंधरा दिवसांत आला. माझं आजवर शाळेच्या दाखल्यावर भागलं होतं, पासपोर्टसुद्धा त्यावरच निघाला होता. मी अण्णांना म्हटलं, महापालिकेतून माझा दाखला काढून पाठवा. ते हो म्हणाले. मग साहेब रजेवर गेले, मग सर्व्हर बंद पडला, मग अण्णांचं अंग दुखायला लागलं. तीन महिने असेच गेले. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझा तोल सुटला.

"अण्णा, तुमच्या नातीला कुठलाच देश नाही, आणि तुमच्याकडून एक कागद आणवत नाही?"

अण्णांनी फोन खाटेवर ठेवला. पडद्यावर नुसता पंखा दिसत राहिला. मग मायचा चेहरा आला.

"तिथं तुझं नाव निघायचं नाही, बेटा. तू सुरतमा नही व्हयनी. ऊसना फडमा व्हयनी, चलथाणले."

रेवा रडत होती, ते ऐकू येत होतं. तिला उचलावं हे सुचत नव्हतं.

लहानपणी शेजारच्या लिंबायतवरून जाताना माय दर वेळी एका पिवळ्या दवाखान्याकडे बोट दाखवायची, "इथं झाली तू." मी मैत्रिणींनाही तो दवाखाना दाखवला होता.

"मग तो दवाखाना?"

"तो मी ठरवलेला," माय म्हणाली.

लूमवर लागण्याआधी अण्णा आणि माय धुळ्याकडून ऊसतोडीला यायचे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. सुरतबाहेरच्या चलथाणला, फडाच्या कडेला प्लॅस्टिकच्या पालात मी जन्मले. शेजारच्या पालातल्या सखूमावशीने नाळ कापली. तिसऱ्या दिवशी माय पुन्हा मोळ्या बांधत होती. नोंद कोण करणार? पुढे शाळेत गुरुजींनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, सुरत. गुरुजींनी लिहिलं, सुरत.

मला राग आला होता, आणि कुणावर ते समजत नव्हतं. गुजराती मैत्रिणी आम्हाला महाराष्ट्राचे म्हणायच्या, गावाकडचे लोक सुरतवाले. मी मात्र छाती काढून सांगायचे, माझा जन्मच इथला. आता तेवढंही हातात राहिलं नाही.

त्यानंतर अण्णा बदलले. गुपित उघडं पडलं म्हणून की काय, त्यांचं अंग दुखायचं थांबलं. दुसऱ्याच दिवशी ते सुरतच्याच भेस्तानला सखूमावशीच्या घरी गेले. नोंद नसल्याचा दाखला, सोगंदनामा, म्हणजे आपलं प्रतिज्ञापत्र, मग मामलतदार कचेरी. मावशीचे गुडघे गेलेले, तरी ती साक्षीसाठी चार वेळा रिक्षातून कचेरीत गेली. साहेबांनी विचारलं, तुम्हाला इतक्या वर्षांनी नक्की आठवतं? अण्णांनी मला फोनवर तिचं उत्तर सांगितलं. ती म्हणाली होती, "साहेब, पोर रडत नव्हती. मी तिला उलटी धरली तवा रडली. हे कसं इसरू?"

नोंदीचा हुकूम झाला. दाखला आला, त्यावर गुजरातीत लिहिलं होतं: जन्मस्थळ चलथाण, जिल्हा सुरत. त्यावर रेवाचा जर्मन दाखला मिळाला, आणि तिच्या पहिल्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना वकिलातीत तिची नोंद झाली. मी तिथल्या खुर्चीत बसून रडले. नीलेश फॉर्मच्या झेरॉक्स नीट लावत बसला.

या हिवाळ्यात आम्ही रेवाला घेऊन सुरतेला आलो. अण्णा आम्हाला चलथाणला घेऊन गेले. हायवेच्या बाजूने खूप वेळ चालले, एका बांधावर थांबले, मग म्हणाले, "इथं नसेल. पुढे असेल." पुढेही नक्की सांगता आलं नाही. सगळीकडे ऊसच होता.

परत येताना भेस्तानला उतरलो. इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जागा, आणि ती एकदा दाखवता आली की झालं. माझी जागा तर अण्णांनाही सापडली नाही. तरी मावशीच्या ओट्यावर बसल्यावर, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत असताना, मी कुठली हे मला कुणाला सांगावंसं वाटलं नाही. आपण जन्मलो हे पाहिलेलं माणूस जिथे आहे, ते घर.

मावशीने रेवाला मांडीवर घेतलं, तिची बोटं एकेक करून चाचपली.

"हिच्या टायमाला कोण होतं तुझ्याजवळ?"

"नीलेश. आणि एक नर्स होती, मावशी. रात्रभर हात धरून होती माझा."

"नाव काय तिचं?"

मी आठवून पाहिलं. मी तिला ते विचारलंच नव्हतं.