पवळे सरांचा मित्र

स्टाफरूममध्ये किस्से कसे साठतात माहितीय? टेबलाच्या खणात रिफिल संपलेली पेनं साठतात ना, तसे. कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही. मी चौसाळ्याला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या खणातले निम्मे किस्से एकाच ताऱ्याचे आहेत. त्याचं मराठी नाव मित्र. आपल्या अगदी शेजारचा, म्हणजे तिथून निघालेला उजेड चारेक वर्षांत इथं पोचतो. आणि रंगानं, वजनानं जवळजवळ आपला सूर्यच! हे सगळं मला फिजिक्सच्या पवळे सरांमुळे पाठ झालंय.

*

पवळे सर आणि भूगोलाचे गर्जे सर दोघंही नेकनूरचे. वर्षानुवर्षं एकाच मोटारसायकलवर यायचे, एकाच डब्यात जेवायचे, एकमेकांना चारचौघांत 'बे' म्हणायचे.

मग एका विज्ञान दिनाला गर्जे सर क्विझमास्टर झाले. "आपल्याला सगळ्यात जवळचा तारा कोणता?" अकरावीतली एक मुलगी उठली, "सूर्य." गर्जे सरांच्या कार्डावर उत्तर होतं 'मित्र'. त्यांनी तिला शून्य दिलं. पवळे सर तरातरा स्टेजवर चढले आणि माईक ओढून म्हणाले, "पोरगी बरोबर हाय. क्विझमास्टरला दिवसा सूर्य दिसत न्हाई!"

सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेतले अध्यक्षही हसले. दुसऱ्या दिवसापासून नेकनूरहून दोन मोटारसायकली यायला लागल्या. याला सहा वर्षं झाली.

*

स्टाफरूममध्ये दोघांच्या मधली खुर्ची माझी. "मॅडम, त्यांना सांगा, डस्टर त्यांच्याकडं हाय." "मॅडम, त्यांना सांगा, घिऊन जावा म्हणावं." तीन फुटांवरून हे चालायचं. मी मराठी शिकवायला लागले होते, पण करत होते पोस्टमनचं काम.

एकदा न राहवून मी शब्दकोश उघडला. बघते तर 'मित्र' म्हणजेच सूर्य! सूर्यनमस्कारातलं पहिलं नावच ते. म्हणजे त्या दिवशी मुलगीही बरोबर आणि कार्डही बरोबर. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं, आता तरी मिटेल.

गर्जे सर म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, मी बरोबर होतो."

पवळे सर म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, मी बी!"

*

मित्र आपल्याकडे उन्हाळ्यात दिसतो, अंधार पडल्यावर दक्षिणेला. पण हात लांब करून मूठ धरली तर जेमतेम तेवढाच वर. मध्ये झाड आलं की संपलं. एका मे महिन्यात पवळे सरांनी सुट्टीतल्या शिबिराच्या मुलांसाठी पटांगणात दुर्बीण लावली, तर समोर रस्त्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं भलंमोठं बॅनर! आमचे शिपाई नामदेव मामा डोळे बारीक करून म्हणाले, "सर, तारा साहेबाच्या कानामागं हाय."

सरांनी बॅनर लावणाऱ्या कार्यकर्त्याला गाठलं. म्हणाले, "दोन दिवस हे काढा."

"कावून? आमच्या साहेबापेक्षा कोण मोठा लागून गेलाय?"

"मित्र!"

कार्यकर्त्यानं जरा विचार केला. "मित्रपक्षाचे हायेत का? मग सरकवून लावतो की."

*

आमच्याकडे बऱ्याच मुलींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यात परततात. गेल्या वर्षी अशीच एक आई मुलीच्या होस्टेलचं बोलायला आली होती. भिंतीवर पवळे सरांनी काढलेला आकाशाचा तक्ता होता. बाई त्याच्यासमोर थांबल्या. सरांना आयतीच विद्यार्थिनी मिळाली. त्यांनी दक्षिणेकडचे दोन ठळक तारे दाखवले. पुढं उगवणारा मित्रक, मागून येणारा मित्र.

"ह्ये व्हय?" बाई म्हणाल्या. "ह्ये तर आमचं घड्याळ हाय. थंडी सरत आली की पहाटं फडात जाताना रोज दिसत्यात. एक म्होरं, एक मागं. कंदीबी बघा, तेवढंच अंतर."

सर खूश झाले. इतक्या वर्षांत इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

बाई पुढं म्हणाल्या, "नेकनूरच्या रस्त्याला तुमच्या दोन सरांच्या गाड्या असत्यात न्हवं का, आगदी तशेच!"

पवळे सरांनी तक्ता गुंडाळून कपाटात ठेवला. समोर गर्जे सर वर्तमानपत्र वाचत होते. ते उलटं होतं, हे मी स्वतः पाहिलं.

*

यंदा मेअखेरीला पवळे सर रिटायर झाले. मला महिनाभर एकच घोर लागला होता. एकदा का सर घरी बसले, की हे दोघं बोलायचे राहिले ते कायमचेच. निरोप समारंभात गर्जे सरांनी भाषण केलं नाही. हार घालायलाही उठले नाहीत. मला रडूच आलं.

पवळे सरांनी हट्टानं रात्रीचं जेवण कॉलेजच्या गच्चीवर ठेवलं होतं आणि दुर्बीणही लावली होती. साध्या डोळ्यांना मित्र एकच दिसतो, पण दुर्बिणीतून बघितलं की त्याचे दोन होतात. एकमेकांभोवती फिरणारी जोडीच आहे ती. आम्ही सगळ्यांनी रांगेनं बघितलं. गर्जे सर पाण्याच्या टाकीजवळ पाठ करून उभे होते.

पवळे सर मला म्हणाले, "मॅडम, त्यांना इचारा, बघायचंय का."

मी म्हणाले, "सर, आज मला ऐकू येत नाही."

मग गर्जे सर आपणहून आले, वाकले आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ हललेच नाहीत.

पवळे सरांनी विचारलं. मला नाही, त्यांना. "किती दिसत्यात?"

"दोन हायेत की बे!"

सकाळी मला नामदेव मामांचा फोन आला. "मॅडम, पवळे सरांची मोटारसायकल गेली, पन गर्जे सरांची रातभर हितंच उभी हाय. चावीबी तिलाच हाय. सर घरी पोचले न्हवं?"