अर्धा तास गुडघ्यांवर

बाप्तिस्मा घेण्याआधी मी दोन माणसांचे दात पाडले होते आणि एका बैलाचा डोळा फोडला होता. बैलाचंच जास्त आठवतं. तो चिखलात बसला, उठेना, आणि मी त्याला टोचत राहिलो. आमच्या वलगावात लोक मला पाहून रस्ता सोडत, आणि मला ते आवडायचं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. हंगामात मी अमरावतीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचो. तिथल्या मारामारीत माझं डोकं फुटलं. टाके घालणारा कंपाउंडर ख्रिस्ती होता. त्यानं मला राजापेठेजवळ राहणाऱ्या, चर्चच्या पाळकसाहेबांकडे नेलं. दीड वर्ष मी त्यांच्याकडे जात राहिलो, मग बायकोसह बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेब नगरकडचे, बोलणं मऊ, शिस्त कडक.

"रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी अर्धा तास गुडघ्यांवर," ते म्हणाले. "मन लागो न लागो. तुमचे हात आवरायला मला दुसरा उपाय माहीत नाही."

वडील गेल्यावर मोठ्या भावानंच मला वाढवलं होतं. एकच घर, मध्ये कुडाची भिंत. बाप्तिस्म्याची बातमी कळली त्याच्या दुसऱ्या सकाळी तो बैल हाकायची काठी घेऊन आत आला.

"कोनासमोर वाकून राहिला बे?"

"देवासमोर, भाऊ."

"आपल्या घरात देव नवते काय? बापाचं तोंड काळं केलं तू!"

काठी पाठीवर बसली. मोडेपर्यंत बसत राहिली, मग लाथा. मी हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तो उन्हाळाभर दर दोन-तीन दिवसांनी येऊन मारायचा. एकदा बरगडी गेली. महिनाभर शिंकता येत नव्हतं. लोकांना वाटलं, माणूस बदलला. तोंडानं मी 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत होतो, डोक्यात भावाची मान मोडत होतो. हे मी पाळकसाहेबांना सांगितलं.

"तेही देवालाच सांगा," ते म्हणाले. "आणि दोघं इकडे राहायला या. मार खाणं ही काही प्रार्थना नव्हे."

मी गेलो नाही. घर माझंही होतं. मी सोसतो आहे याचा मला माजही चढला होता.

मग एका सकाळी बायको मध्ये पडली आणि भावाची काठी तिच्या तोंडावर बसली. ओठ फाटला. मी उठलो. भावाचं तोंड चौकटीवर आदळलं, एकदा, परत एकदा. त्याचा उजवा हात मागे पिळला तेव्हा कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तो खाली पडल्यावरही मी लाथा घालत होतो.

"अहो, सोडा! मरतील ते!" रक्ताच्या तोंडानं बायको माझा सदरा ओढत होती.

आणि मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही. तेवढा आनंद मला प्रार्थनेत कधी झाला नव्हता.

बैलगाडी मीच जुंपली. भाऊ वाटभर कण्हत शिव्या देत होता. वहिनीला त्याच्यापाशी दवाखान्यात बसवून मी राजापेठ गाठली.

"मंडळीतून माझं नाव खोडा," मी पाळकसाहेबांना म्हणालो.

ते माझ्या हातांकडे पाहत राहिले. "आधी ते धुऊन या."

मी धुऊन आलो. ते म्हणाले, "उद्या सकाळी गुडघे टेका."

"कोणत्या तोंडानं?"

"आहे त्याच."

ती सकाळ सगळ्यांत कठीण गेली. कुणी मारत नव्हतं. एक शब्द सुचला नाही. अर्धा तास मी नुसता बसून होतो.

पेरणी आली तेव्हा भावाचा हात प्लास्टरमध्ये होता. मी त्याच्या शेतात तिफन नेली. तो बांधावर आला आणि डाव्या हातानं दगड मारू लागला. एक माझ्या डाव्या कानामागे बसला. रक्त गळ्यात उतरलं, बैल बुजले. अंगातून तीच आग उठली. जाऊन त्याचा दुसरा हातही मोडावा असं वाटलं. मी तिफन घट्ट धरली आणि धरलेली ओळ पुरी केली. दुसऱ्या दिवशीही दगड. तिसऱ्या दिवशी तो नुसता बांधावर बसला.

"तिफन वाकडी चालून राहिली," तो बऱ्याच वेळानं ओरडला.

मी सरळ केली.

त्याचा हात नीट झाला नाही. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. 'त्यानं मले लुळं केलं,' असं तो साऱ्या गावाला सांगायचा, आणि ते खरं होतं. पुढे मी अकोल्याला शाळेत शिपाई म्हणून लागलो. तिथे एकदा आमच्या थोरल्या मुलावर माझा हात उठला, आवरला नाही. दुसऱ्या सकाळी परत गुडघे.

एकोणीसशे साठनंतर कधीतरी भाऊ अकोल्याला हात दाखवायला आला, चार दिवस आमच्याकडे राहिला. सकाळी मी गुडघे टेकले की तो बाहेर ओट्यावर जाऊन बिडी ओढायचा. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या बायकोला विचारलं,

"याले हे रोजच लागते काय?"

"रोज," ती म्हणाली.

"मंग कर म्हना. चहा ठेव तोवर."