सुमन आणि तिची कायनेजची भावकी

सुमनच्या पुढ्यात ताट ठेवलं, की ती आधी आमटीवरचा तवंग बघत बसायची. तेलाचा एक थेंब बोटानं दुसऱ्याला जोडायची, पुन्हा फोडायची. तोवर भाकरी गारढोण. "अगं बाई, गीळ की आता!" मी ओरडायचे. परंड्यात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी सहकारी दूध संघात दुधाची फॅट तपासायचे, ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची.

सोनारीकडच्या बौद्ध वस्तीतली ही पहिली एम.एस्सी. पुण्याच्या प्रयोगशाळेत प्रोटीन कायनेज सी नावाच्या एन्झाइमवर तिचं काम चाललं होतं. त्यात वडील गेले, दुष्काळ पडला, आई खडी फोडायला जाऊ लागली. घरात पगार हवा म्हणून ही बाई सगळं टाकून परत आली.

मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. एकदा म्हटलं, "करतं तरी काय गं ते तुझं?"

झालं! रंगात आली की ती गावाकडचं बोलायची. "आगं, पेशीत नुसतं पडून असतंय. भाईरनं निरोप आला, की पेशीच्या पडद्यात एक स्निग्ध रेणू तयार होतो. मग हे जाऊन पडद्याला चिकटतं अन् लागतं कामाला. दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट लावत सुटतं. त्यावर पेशी कधी वाढती, कधी आतला रस सोडती."

"फॅट लागल्याशिवाय हलत नाही म्हणजे! आमच्या संघासारखंच की."

ती खळखळून हसली. "एकटं न्हाय ते, पुरी भावकी हाय. एकाला फॅटसंगं कॅल्शियम लागतं, दुसऱ्याचं नुसत्या फॅटवर भागतं. कुणाचं काम कुठलं, तेच तर बघायचं होतं..." आणि तिनं पोरांच्या वह्या पुढ्यात ओढल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढं तिचा धाकटा भाऊ सूतगिरणीत कामाला लागला, घरात पगार येऊ लागला. पुण्याच्या सरांचाही निरोप आला, जागा आहे, या. तर ही म्हणे, जमायचं नाही. आई एकटी, पोरांच्या परीक्षा, शंभर सबबी. बाजारच्या दिवशी आई खोलीवर आल्या, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

आईंनी लेकीला विचारलं, "तू न्हाई गेलीस तर पुण्याचं काम बंद पडंल का?"

"न्हाय की. जगात लई जण करत्यात."

"आन् हितलं शिकवायचं?"

"त्येबी कुणीतरी करंल."

"मग दोनीबी तुझ्याबिगर चालतंय. तुला कुठलं केल्याबिगर करमत न्हाय, त्येवढं सांग."

सुमन आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मग उठली आणि ट्रंक काढली.

कुर्डुवाडीच्या गाडीत तिला बसवलं तेव्हा आई खंबीर होत्या, हुंदके मीच देत होते. पुण्याहून ती परदेशी गेली आणि तिथलीच झाली. कॉलेजात दुसऱ्या मॅडम आल्या, खोलीत दुसरी सोबतीण आली. सुमनवाचून परंड्याचं सगळं चाललं. मला तेवढं अजून करमत नाही.