सांध्यातली काजळी

बायको लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली, तेव्हा परतीचं तिकीट मीच काढलं होतं. ती यायला महिना राहिला होता आणि मी कॅलेंडरकडे उगाचच बघायला लागलो होतो. त्याच दिवसांत ते तांब्याचं भांडं आमच्या प्रयोगशाळेत आलं.

मैसूरमध्ये माझं काम हेच. जुनं तांबं, जुनं कांसं कसं घडवलं होतं ते तपासायचं. येलवालच्या पुढे एका घराचा पाया खणताना भांडं निघालं. आणायला मी स्वतः गेलो. बघतो तर लखलखीत! घरच्या बाईनं चिंच लावून घासलं होतं, वर हळदकुंकू.

"देवरु सार, तोळदु पूजे माडिद्वि," ती हात जोडून म्हणाली. देव म्हणून धुऊन पूजा केली! कित्येक शतकांचा हिरवा थर, त्याला चिकटलेली माती, सगळं मोरीत गेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हात जोडून उभ्या असलेल्या बाईवर ओरडणार कसं?

संध्याकाळी तो राग फोनवर बायकोवर काढला. तिकडे सकाळ होती. ती इथल्याच जुन्या मराठी घरातली, मी मागाहून आलेला.

"अय्यो, घरात आलेलं भांडं मातीसकट ठेवतात काय हो? सुम्मे, उगाच त्या बाईवर चिडू नका," ती म्हणाली. तेवढ्यात बाळ रडलं आणि फोन बंद झाला. मी टीव्ही लावून बसलो. घर खायला उठणं म्हणतात ते हेच.

पुढच्या आठवड्यात भांड्याच्या फुटक्या काठाचा तांदळाएवढा तुकडा कापला, राळेत बसवला, आरशासारखा घासला, त्यावर आम्ल फिरवलं. सूक्ष्मदर्शकाखाली तांब्याच्या कणाकणांत सरळ पट्टे दिसले. म्हणजे ठोकलं, तापवलं, पुन्हा ठोकलं, पुन्हा तापवलं. चिंच एवढ्या आत पोचत नाही. बुडाला मात्र वेगळ्याच धातूचं ठिगळ होतं, तांब्यात कथिल मिसळलेलं. भोक पडलं तरी कुणी भांडं टाकून दिलं नव्हतं. आणि ठिगळाच्या सांध्यात काजळी होती. दुरुस्तीनंतर ते पुन्हा चुलीवर चढलं होतं!

मी खुर्चीतून उठलोच. सांगायला खोलीत कुणी नव्हतं, आणि खरं तर मला तिलाच सांगायचं होतं. संध्याकाळपर्यंत दिवस सरता सरेना.

फोनवर मी सुटलो. ठोकणं, तापवणं, ठिगळ, काजळी. एरवी "पुरे हो" म्हणणाऱ्या तिनं मला एकदाही थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "अहो, मी तिकीट रद्द केलं. हिला नोकरीवर जायचंय. बाळाला कोण बघणार?"

"कधीपर्यंत?"

"तुम्हीच या ना इकडे."

"आणि इथलं काम?"

आता ती येत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

"जेवण झालं का हो?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो. गॅससुद्धा पेटवला नव्हता.