भाकरीचा काला

तालुक्याच्या स्टँडमागच्या खानावळीत दुपारी जेवायला बसलो होतो. समोरच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याचा चाळिशीतला मुलगा होता. मुलगा वडिलांच्या ताटात भाकरी कुस्करून त्यावर आमटी ओतत होता.

"ओत की अजून, घरी न्यायचीय का?" म्हातारा म्हणाला.

"शर्टावर सांडलं की आई मला बोलते, तुम्हाला नाही," मुलगा हसला आणि आपल्या रुमालाने त्याने वडिलांची हनुवटी पुसली. म्हातारा भुरके मारत जेवू लागला.

मला त्या मुलाचा हेवा वाटला. खरं सांगायचं तर रागच आला.

माझे अण्णाही असेच जेवायचे. बढती मिळाल्यावर मी त्यांना शहरातल्या हॉटेलात नेलं होतं. शेजारच्या टेबलावर माझ्या ऑफिसातले लोक होते. अण्णांनी पोळी डाळीत कुस्करली, पहिला भुरका मारला आणि मी दबक्या आवाजात म्हणालो, "अण्णा, चमच्याने खा. लोक बघतायत."

कोणीही बघत नव्हतं. अण्णा "पोट भरलं" म्हणाले आणि हात धुऊन आले. त्यानंतर ते जाईपर्यंत माझ्याबरोबर कधी बाहेर जेवले नाहीत.

"साहेब, भाकरी गार झाली. बदलून देऊ?" वाढणाऱ्या मावशींनी विचारलं.

"नको मावशी, आमटी वाढा."

मी भाकरी कुस्करली आणि मोठ्याने भुरका मारला. म्हाताऱ्याने माझ्या ताटाकडे पाहिलं.

"कोरडं झालंय. अजून ओता," तो म्हणाला.

मुलाचं लक्षही नव्हतं. तो वडिलांसाठी दुसरी भाकरी कुस्करत होता.